‘शोमे’ : विसाव्याच्या शब्दाची बेकारी

फ्रेंच भाषेत ‘शोमे’ नावाचे एक क्रियापद आहे. आजच्या फ्रान्समध्ये ते उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काम नसलेला माणूस उभा राहतो. ‘शोमाज’ म्हणजे बेकारी आणि ‘शोमर’ म्हणजे बेकार. परंतु या क्रियापदाचा मूळ अर्थ होता, ऊन तापले की काम थांबवून सावलीला विसावणे. विसाव्याचा शब्द बेकारीचा शब्द कसा झाला, हा केवळ भाषाशास्त्राचा प्रश्न नव्हे. शब्दाचे अर्थ हवेत बदलत नाहीत. माणसामाणसांतले संबंध बदलले, कष्ट करणारा आणि करवून घेणारा यांच्यातला व्यवहार बदलला, की शब्दालाही आपली कूस बदलावी लागते. म्हणून या एका क्रियापदाचा प्रवास मी श्रमिकांच्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. ज्यांच्या वाडवडिलांना थांबण्याचा अधिकार कधी मिळाला नाही, त्यांनी तो अवश्य वाचावा असे मला वाटते.

आधी व्युत्पत्ती पाहू. ग्रीक भाषेत ‘कायेइन’ म्हणजे जाळणे. त्यापासून ‘काउमा’ म्हणजे जाळणारी उष्णता, रणरणते ऊन. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमध्ये आला. चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचे जे लॅटिन भाषांतर झाले, त्यात ईयोबाच्या पुस्तकाच्या ३० व्या अध्यायात तो आढळतो. तेथे एक पीडित माणूस आपली कातडी काळी पडल्याचे आणि हाडे तापाने करपल्याचे सांगतो. पुढे ‘काउमा’ पासून ‘काउमारे’ हे क्रियापद झाले आणि त्याचा अर्थ ठरला, उन्हाच्या वेळी विश्रांती घेणे. लॅटिनमधील आरंभीच्या ‘का’ चा फ्रेंचमध्ये ‘श’ होतो आणि ‘आउ’ चा ‘ओ’ होतो. ‘काउसा’ या लॅटिन शब्दाचा फ्रेंचमध्ये ‘शोझ’ झाला, तसाच ‘काउमारे’ चा ‘शोमे’ झाला.

याच धातूची बाकीची भावंडे पाहण्यासारखी आहेत. शांत, निश्चल या अर्थाचा ‘काम’ हा इंग्रजी शब्द आणि त्याचा फ्रेंच जोडीदार ‘काल्म’ बहुधा याच ‘काउमा’ पासून आले. भर दुपारी सारे निपचित पडते, त्या शांततेवरून. शाईला फ्रेंचमध्ये ‘आंक्र’ म्हणतात, तोही ‘जाळून उमटवलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा वंशज. आणि ‘होलोकॉस्ट’, म्हणजे संपूर्ण जाळून दिलेली आहुती, हाही त्याच कुळातला. शांतता, शाई, संहार आणि विसावा असे चार नातेवाईक एकाच आगीतून निघाले आहेत.

‘शोमे’ च्या या पहिल्या अर्थात देव नाही, मालक नाही, पगार नाही. त्यात फक्त शरीर आहे आणि सूर्य आहे. ऊन असह्य झाले म्हणून शरीर थांबते, ऊन उतरले की पुन्हा कामाला लागते. विश्रांतीचे कारण शरीर स्वतःच सांगते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. दक्षिण फ्रान्सच्या धनगरांच्या बोलीत हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. दुपारी मेंढ्यांचा कळप सावलीला एकत्र येऊन बसतो, त्या विसाव्याला तेथे ‘शोम’ म्हणतात. मेंढ्यांच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ टिकला. माणसांच्या बाबतीत तो टिकू शकला नाही.

पहिला बदल चर्चने केला. इ. स. ७८९ मध्ये शार्लमेन राजाने काढलेल्या आज्ञापत्रात रविवारी करावयास बंदी असलेल्या कामांची यादी आहे. शेत नांगरणे, द्राक्षमळ्यात खपणे ही पुरुषांची कामे. विणणे, शिवणे, चारचौघांत कपडे धुणे ही बायकांची. या कामांना चर्चच्या भाषेत ‘सर्व्हाइल’ म्हणजे गुलामाची, दास्याची कामे म्हणत. लिहिणे, वाचणे, चर्चा करणे ही कामे या बंदीत येत नसत, कारण ती स्वतंत्र माणसाची कामे मानली जात. म्हणजे विश्रांतीचा नियम घालून देतानाच हाताचे काम हीन आणि डोक्याचे काम श्रेष्ठ हा भेद त्या नियमात कोरला गेला. आमच्या वाचकांना हा भेद परका वाटणार नाही.

आता ‘शोमे’ ला कर्म लागू लागले. एखाद्या संताचा सण ‘शोमे करणे’ म्हणजे त्या दिवशी काम बंद ठेवून तो सण पाळणे. थांबण्याचे कारण आता ऊन राहिले नाही. पाद्र्याचे पंचांग झाले. आणि येथेच गरिबाची अडचण सुरू झाली. शरीर थकले म्हणून थांबलेला माणूस काही मिळवतो. पंचांगाने थांबवलेला रोजंदारीचा माणूस मात्र त्या दिवसाची भाकर गमावतो.

ही अडचण फ्रेंच साहित्यात नेमकी कोणाच्या तोंडून आली हे पाहा. ला फोंतेन या कवीच्या १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोधकथांत मोची आणि सावकाराची एक कथा आहे. मोची दिवसभर गात जोडे शिवतो. शेजारच्या सावकाराला पैशाच्या काळजीने झोप नाही. सावकार त्याला वर्षाची कमाई विचारतो. मोची म्हणतो की असा हिशेब आम्ही ठेवत नाही, रोजचे रोज निभावतो. पण अडचण अशी की वर्षात हे सक्तीच्या ‘शोमे’ चे दिवस फार आहेत, सणांनीच आमचे दिवाळे निघते आणि पाद्री तर प्रवचनात नित्य नवा संत आणतो. पुढे सावकार त्याला शंभर नाणी देतो, त्या नाण्यांच्या राखणीत मोच्याचे गाणे आणि झोप दोन्ही जातात आणि शेवटी तो ती परत करतो. शाळामास्तर या कथेचे तात्पर्य ‘पैशात सुख नाही’ असे सांगतात. श्रीमंतांना सोयीचे असे हे तात्पर्य आहे. मला मात्र त्या कथेतले मोच्याचे गाऱ्हाणे महत्त्वाचे वाटते. चामड्याचे काम करणारा एक माणूस सांगत आहे की तुमची पवित्र विश्रांती माझ्या पोटावर येते. विसावा आणि बेकारी यांच्यातले अंतर किती कमी असते, हे त्याने भाषाशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ओळखले होते.

त्यानंतर सातच वर्षांनी, मार्च १६८५ मध्ये, चौदाव्या लुईने आपल्या वसाहतींसाठी ‘कोद न्वार’ म्हणजे काळा कायदा काढला. काळ्या गुलामांना कसे वागवावे याची ही संहिता होय. तिच्या सहाव्या कलमाने रविवारी आणि सणाच्या दिवशी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत गुलामांकडून शेतीचे वा साखरेचे काम करून घेण्यास मनाई केली. वरवर पाहता ही केवढी दया! परंतु तीच संहिता गुलामाला जंगम मालमत्ता ठरवते. पोट भरायला पुरेसे अन्न मळेवाले देत नसत. त्यामुळे प्रत्यक्षात गुलाम आपल्या सुट्टीच्या दिवशी तुकडाभर जमिनीत स्वतःचे अन्न पिकवत. चोविसाव्या कलमाने या प्रथेला मनाई केली होती, यावरूनच ती किती रूढ होती ते कळते. म्हणजे विश्रांतीचा दिवस कायद्यात होता, फक्त तो ज्याच्या नावावर होता त्याच्या मालकीचा नव्हता.

आणि तरीही मालकांना धोका याच दिवसात होता. १४ ऑगस्ट १७९१ रोजी सँ-दोमँग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, वेगवेगळ्या मळ्यांवरचे गुलाम प्रतिनिधी एकत्र जमले आणि उठावाचा बेत ठरला. तो वार रविवार होता. आठवड्यातून तीन दिवस मोकळे ठेवण्याची आज्ञा राजाने दिली आहे आणि मालक ती दडपत आहेत, अशी वार्ता तेव्हा गुलामांत पसरली होती. उठाव पेटला. फ्रान्सला १७९४ मध्ये गुलामी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा लादली. परंतु १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. मोकळ्या दिवसांच्या मागणीत स्वातंत्र्याचे बीज असते, हे मालकांना आपल्या विचारवंतांपेक्षा नेहमीच लवकर कळते.

उरलेल्या फ्रेंच वसाहतींत गुलामी २७ एप्रिल १८४८ च्या फर्मानाने संपली. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका फर्मानाने वसाहतींत भटकणे आणि भीक मागणे हा शिक्षेचा विषय ठरवला. हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. गुलाम हा कधीच ‘शोमर’ होऊ शकत नाही. बेकार होण्यासाठी माणूस आधी सुटावा लागतो. जो बांधलेला आहे त्याला विसावा नाही आणि बेकारीही नाही. आणि तो सुटला, स्वतःच्या मर्जीने घटकाभर बसला, की व्यवस्था त्याला लगेच गुन्हेगार म्हणते. आपल्याकडील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. पुढे त्या वसाहतींच्या ऊसमळ्यांवर पाँडिचेरी, कारिकल अशा बंदरांतून करारावर भारतीय मजूर नेले गेले, हेही विसरता येत नाही.

खुद्द फ्रान्समध्ये काय घडत होते? क्रांतीने १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. चर्चचा रविवार गेला, पण कष्टकऱ्याला सातव्याऐवजी दहाव्या दिवशी विसावा मिळू लागला. राजेशाही परतल्यावर १८१४ च्या कायद्याने रविवार पुन्हा सक्तीचा केला, श्रमिकासाठी नव्हे तर धर्मासाठी. १८८० च्या जुलैत प्रजासत्ताकाने तो कायदा रद्द केला. धर्माची सक्ती गेली हे चांगले झाले. परंतु तिच्यासोबत कारखान्यातल्या मजुराचा हक्काचा दिवसही गेला. योगायोग असा की त्याच १८८० साली कार्ल मार्क्सचा जावई पॉल लाफार्ग याने ‘आळसाचा हक्क’ ही लेखमाला लिहिली. लाफार्ग क्यूबात जन्मलेला, आपल्या अंगात दलित वंशांचे रक्त असल्याचा अभिमान बाळगणारा. १८४८ मध्ये पॅरिसच्या कामगारांनी कामाचा हक्क मागितला होता. त्यासाठी निघालेल्या राष्ट्रीय कार्यशाळा सरकारने जूनमध्ये मोडल्या आणि प्रतिकार करणाऱ्यांवर तोफा डागल्या. लाफार्गने त्या मागणीलाच उलट प्रश्न केला : कामाचा हक्क कसला मागता? तो तर तुमच्यावर लादलेलाच आहे, थांबण्याचा हक्क मागा.

दरसाठवड्याचा २४ तासांचा विसावा फ्रान्समध्ये १३ जुलै १९०६ च्या कायद्याने आला. त्या वर्षीच्या १० मार्चला उत्तरेकडील कुरियेर येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन १०९९ माणसे मेली होती आणि खाण कामगारांचा मोठा संप झाला होता. या कायद्याने जो शब्द वापरला तो ‘शोमाज’ नव्हे, ‘रपो’. ‘रपोझे’ हे विश्रांतीचे दुसरे फ्रेंच क्रियापद, तेही मुळात ग्रीकच, ‘थांबा’ या अर्थाच्या शब्दापासून आलेले. पण त्याची प्रतिष्ठा टिकली. कायदा देतो तो ‘रपो’, बाजार देतो तो ‘शोमाज’. काम दोन्हींत थांबलेलेच असते.

याच काळात ‘शोमर’ हा शब्द रूढ झाला आणि १८९६ च्या जनगणनेत काम नसलेल्यांची वेगळी मोजणी झाली. त्यापूर्वी काम नसलेला माणूस हा गरीब, भिकारी किंवा भटक्या असे. आता तो आकडा झाला. विसाव्याचा शब्द पूर्णपणे बेकारीच्या ताब्यात गेला.

परंतु नेमक्या याच शतकात दुसरा एक शब्द उलट दिशेने चालत होता. पॅरिसच्या नगरगृहासमोर सेन नदीकाठी ‘प्लास द ग्रेव्ह’ नावाचे मैदान होते. ‘ग्रेव्ह’ म्हणजे वाळूचा काठ. तेथे धक्का होता, माल उतरत असे आणि काम शोधणारे मजूर तेथे येऊन उभे राहत. आपल्या भाषेत सांगायचे तर तो पॅरिसचा मजूर नाका होता. ‘ग्रेव्हवर असणे’ म्हणजे काम नसणे, कामाची वाट पाहणे. त्या नाक्यावर उभी असलेली माणसे एकमेकांशी बोलू लागली, या भावाने काम करणार नाही म्हणू लागली, आणि ‘ग्रेव्ह’ चा अर्थ झाला संप! १७९१ च्या कायद्याने कामगारांची एकजूट गुन्हा ठरवली होती. १८६४ मध्ये संप कायदेशीर झाला. आपला ‘संप’ शब्द पाहा. गुजरातीत तो आजही एकोपा या अर्थाने चालतो. म्हणजे विसाव्याचा शब्द बेकारीकडे घसरला आणि बेकारीचा शब्द लढ्याकडे चढला. दोघांच्या मुळाशी एकच कृती आहे, हात थांबणे. फरक एवढाच की हात कोण थांबवतो. मालकाने थांबवले तर ‘शोमाज’, स्वतःहून आणि सगळ्यांनी मिळून थांबवले तर ‘ग्रेव्ह’.

फ्रेंच कामगारांनी ‘शोमे’ देखील सहजासहजी सोडला नाही. १८९० पासून ते १ मे हा दिवस ‘शोमे’ करू लागले, म्हणजे जे क्रियापद संतांच्या सणाला लागत होते ते त्यांनी आपल्या सणाला लावले. १ मे १८९१ रोजी फुर्मी या कापडगिरण्यांच्या गावी सैन्याने गोळीबार केला, त्यात नऊ जण मेले. १९३६ च्या जूनमधील प्रचंड संपांनंतर पंधरा दिवसांची भरपगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा मिळाला. १९४७ आणि १९४८ च्या कायद्यांनी १ मे हा भरपगारी ‘शोमे’ चा दिवस ठरला. ला फोंतेनच्या मोच्याच्या गाऱ्हाण्याला पावणेतीनशे वर्षांनी उत्तर मिळाले, तेही एका दिवसापुरते : थांबा, आणि भाकरही घ्या. १९५८ च्या अखेरीस बेकारी विम्याची देशव्यापी व्यवस्था झाली. २०२० च्या महामारीत ‘अंशतः शोमाज’ या नावाखाली एप्रिल महिन्यात ८० लाखांहून अधिक फ्रेंच कामगारांना घरी बसवून वेतनाचा मोठा भाग देण्यात आला. त्याच दिवसांत आपल्या देशातले मजूर महामार्गावरून पायी चालत होते. त्यांनाही कोणीतरी थांबवले होते. पण त्यांच्या थांबण्यात भाकर नव्हती.

आता आपल्याकडे वळू. आपली भाषाही याच प्रश्नाशी झगडलेली आहे. ‘विश्रांती’ त ‘श्रम’ धातूच आहे. ‘सुट्टी’ त ‘सुटणे’ आहे. रोजंदारीवरच्या माणसाचा बुडालेला दिवस मात्र ‘खाडा’. आणि ‘बेकार’ म्हणजे ज्याला काम नाही तो. पण बोलण्यात आपण वाईट, टाकाऊ वस्तूलाही बेकार म्हणतो. काम नसणे हीच माणसाची नालायकी, असा निवाडा भाषेने परस्पर देऊन टाकला आहे.

गिरणी कामगारांचा रविवार नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवला. मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी तो मान्य केला, म्हणजे फ्रान्सच्या कायद्याच्या सोळा वर्षे आधी. परंतु गावकुसाबाहेर काय होते? महार वतनदाराला कामाचे तास नव्हते. दिवसा वा रात्री, सरकारी नोकराची हाक आली की निघायचे. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जुंपायचे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच बांधिलकीविरुद्ध. ती वतने कायद्याने संपली १९५८ मध्ये. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की व्यवसाय बदलू न देणारी जात हेच या देशातील बऱ्याचशा बेकारीचे थेट कारण आहे. मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातील कामगारांसाठी भरपगारी रजेचे विधेयक पुढे नेले आणि त्याचा १९४५ मध्ये कायदा झाला. त्याच १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी मांडले की यंत्र माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवून फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती संभवत नाही. काहींना फुरसत आणि काहींना फक्त घाम, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे. विसावा, सण, खाडा, बेकारी, संप ही एकाच थांबण्याची नावे आहेत. कोणते नाव लागेल हे दोन गोष्टींवर ठरते : थांबण्याचा निर्णय कोणाचा, आणि थांबलेल्या दिवसाची भाकर कोणाच्या हातात. ‘शोमे’ चा इतिहास सांगतो की नुसती सुट्टी मागून भागत नाही आणि नुसते काम मागूनही भागत नाही. आज गटारात उतरणारा कंत्राटी कामगार, ऊसतोडीला गेलेली बाई, दारोदार डबे पोहोचवणारा पोरगा यांच्या मागण्यांचे निवेदन लिहिताना कार्यकर्त्यांनी मजुरीच्या दराइतक्याच ठळक अक्षरात विसाव्याचा तास लिहावा आणि तो भरपगारी लिहावा. शिक्षकांनी वर्गात बेकारीवर निबंध लिहायला सांगितला, तर आधी मुलांना विचारावे की तुमच्या घरात भर दुपारी सावलीला बसण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही. तेथून लिहायला घेतलेला निबंध पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे जाईल.